होव्हरक्राफ्टचा परकर

चार फूट व्यासाची प्लायवूडची चकती, वाळलेला पाला उडवायचा ब्लोअर, एक प्लॅस्टिकची खुर्ची आणि निळी ताडपत्री. डिझाइनच्या तासाला फळ्यावर होव्हरक्राफ्ट, म्हणजे खाली कोंडलेल्या हवेवर तरंगत जाणारं वाहन, काढून काढून मीच कंटाळलो होतो, म्हणून एका शुक्रवारी वर्कशॉपमध्ये ते करूनच बघायचं ठरलं. पहिल्या प्रयत्नात ताडपत्री लावलीच नाही. चकतीच्या मधोमध भोक, भोकात ब्लोअरचं तोंड, वर खुर्चीत पासष्ट किलोचा मुलगा. ब्लोअर सुरू झाला. आवाज भरपूर, धूळ भरपूर, मुलगा जागच्या जागी. "सर, काहीतरी होतंय," असं तो ओरडून सांगत होता. पण जे काही होत होतं ते फक्त त्याच्या दातांना जाणवत होतं.

या लेखातलं प्रकरण आमच्या चकतीचं नाही. ते इंग्लंडमधलं आहे आणि त्याला साठ वर्षं उलटून गेली. पण त्या शुक्रवारी आम्ही जिथे अडकलो, साधारण तिथेच १९५९ मध्ये विमानं बांधणारी एक अख्खी कंपनी अडकली होती, आणि तिची सुटका जास्त ताकदीच्या इंजिनानं झाली नाही. ती झाली रबर चढवलेल्या कापडानं.

दोन डबे आणि स्वयंपाकघरातला काटा

ख्रिस्तोफर कॉकरेल हा मूळचा इलेक्ट्रॉनिक्सवाला. मार्कोनी कंपनीत त्यानं रेडिओ आणि रडारवर काम केलं, १९५०च्या सुमारास नोकरी सोडली आणि इंग्लंडच्या पूर्वेकडच्या पाणथळ भागात लहान बोटी बांधायचा धंदा सुरू केला. धंदा काही फार चालला नाही. मात्र त्यातून एक प्रश्न त्याच्या डोक्यात बसला: बोट पाणी कापत जाते तेव्हा इंजिनाची बरीचशी ताकद पाण्याच्या घर्षणात आणि लाटा उठवण्यातच संपते. बोट आणि पाणी यांच्यामध्ये हवा घातली तर?

कल्पना नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकातच थॉर्नीक्रॉफ्ट नावाच्या इंग्रज जहाजबांधणीकारानं अशा तऱ्हेचं पेटंट घेतलं होतं. अडचण अशी, की हवा तिथे थांबत नाही. खाली कोंडावी तर कडेनं निसटते.

१९५५ मध्ये कॉकरेलनं मांजराच्या खाऊचा रिकामा डबा कॉफीच्या मोठ्या डब्यात बसवला आणि दोन्हींच्या मधल्या गोल फटीतून खाली, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर, हवा सोडली. एकाच नळीतून तीच हवा सोडल्यावर काटा जेवढा खाली जाई, त्याच्या साधारण तिप्पट तो आता गेला. कडेनं फिरणारी हवेची भिंत आतल्या हवेला बाहेर पडू देत नव्हती. त्या वर्षीच्या डिसेंबरात त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. मग सरकारनं हे काम गुप्त ठरवून टाकलं. आरमाराचं म्हणणं, हे विमान आहे. हवाई दलाचं म्हणणं, ही बोट आहे. लष्कराला त्यात रसच नव्हता. हा किस्सा इतक्या वेळा सांगितला गेलाय की थोडा घासून गुळगुळीत झालाय, पण ज्यानं कधी एखादी फाइल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेलीय त्याला तो खोटा वाटणार नाही.

शेवटी १९५८ मध्ये संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या सरकारी महामंडळानं हात दिला आणि इंग्लंडच्या दक्षिणेला असलेल्या आइल ऑफ वाइट या बेटावरच्या सॉन्डर्स-रो कंपनीनं पहिलं होव्हरक्राफ्ट बांधलं: एसआर-एन१. ११ जून १९५९ रोजी ते लोकांना दाखवलं गेलं. २५ जुलैला, म्हणजे ब्लेरिओ या फ्रेंच वैमानिकानं विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली त्याच्या बरोबर पन्नासाव्या वाढदिवशी, एसआर-एन१ फ्रान्समधल्या कॅलेहून निघून दोन तासांहून थोड्या अधिक वेळात इंग्लंडमधल्या डोव्हरला पोचलं. कॉकरेल स्वतः वर होता, आणि तोल सांभाळायला हलतं वजन म्हणून त्याचा उपयोग झाला, असं सांगतात.

वर्तमानपत्रांत फोटो आले, वाहवा झाली. आता खरी अडचण.

वीतभर

एसआर-एन१ पाण्यापासून साधारण वीतभर वर तरंगे. म्हणजे सपाट पाणी, सपाट वाळू, सपाट धावपट्टी असेल तर ठीक. इंग्लिश खाडीत वीतभर लाट म्हणजे शांत दिवस. त्याहून जरा मोठी लाट आली की ती थेट कडक धातूच्या बुडावर आपटणार. मग उंच का नाही उडवायचं?

इथे आकडेमोड करून बघितल्याशिवाय कळत नाही की प्रश्न किती वाईट होता. मी वर्गात एक सोपं, कल्पित होव्हरक्राफ्ट घेतो: दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, वजन चार टन. बुडाचं क्षेत्रफळ ५० चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरवर ८० किलोचा भार. एवढा दाब आतल्या हवेनं द्यायचा. या दाबाची हवा फटीतून बाहेर पडते ती सेकंदाला सुमारे ३६ मीटर वेगानं, म्हणजे ताशी १३० किलोमीटरच्या आसपास. होव्हरक्राफ्टचा परीघ ३० मीटर. फट वीस सेंटीमीटर ठेवली तर हवेला निसटायला ६ चौरस मीटरचं दार मिळालं. दर सेकंदाला दोनशेहून जास्त घनमीटर हवा पळून जाणार. दहा बाय दहाच्या सात-आठ खोल्यांतली सगळी हवा, दर सेकंदाला. ती भरून काढायला नुसती १७० किलोवॅट, म्हणजे २३० अश्वशक्ती लागते, आणि पंख्याचं नुकसान यात धरलेलंच नाही.

फट एक मीटर करा, लाटेला पुरेल एवढी. लागणारी ताकद पाचपट: ११०० अश्वशक्तीच्या वर. एवढं इंजिन बसवलं की वजन वाढलं, वजन वाढलं की दाब वाढला, दाब वाढला की गळती आणखी जोरात. आणि पुढे ढकलायला लागणारी ताकद तर अजून हिशेबात धरलेलीच नाही.

उलट फट दोन सेंटीमीटर करा. २३ अश्वशक्ती. एखाद्या छोट्या ट्रॅक्टरचं इंजिन पुरतं.

हिशेब ढोबळ आहे. कॉकरेलची आत वळवलेली हवेची भिंत गळती कमी करते, ते मी सोडून दिलंय. तरी मुद्दा तोच राहतो. लाटेसाठी उंच हवं, इंजिनासाठी बुटकं हवं. दोन्ही मागण्या खऱ्या आणि दोन्ही एकाच फटीबद्दल. मध्यम उंची काढून दोघांनाही अर्धपोटी ठेवणं हा इंजिनिअरचा नेहमीचा तोडगा. एसआर-एन१ची ती वीत म्हणजे असाच तोडगा होता.

कडक भिंत लावून बघू

एक वाट सरळ दिसते. दोन्ही बाजूंना कडक भिंती खाली सोडा आणि त्यांची कड पाण्यात बुडवा. हवा बाजूंनी निसटणार नाही. स्कॉटलंडमधल्या डेनी कंपनीनं साठच्या दशकाच्या सुरुवातीला अशा बाजूभिंतींच्या बोटी बांधल्याही. गळती घटली. पण भिंती पाण्यात म्हणजे घर्षण परत आलं, आणि बोट किनाऱ्यावर चढू शकत नाही. वाळूवर, चिखलावर, गवतावर, कुठेही जाणं ही तर होव्हरक्राफ्टची खरी कमाई. ती गमावली तर उरते जरा वेगवान बोट.

यातला अडथळा नीट बघितला पाहिजे. कडक वस्तू जमिनीला लागली की मोडते किंवा मोडवते. म्हणून तिला लागूच द्यायचं नाही. लागू द्यायचं नाही म्हणून अंतर राखायचं. अंतर राखायचं म्हणून गळती सोसायची. हा सगळा खर्च एकाच गृहीतकाचा आहे: काहीही झालं तरी टक्कर होता कामा नये.

सेसिल लॅटिमर-नीडहॅम या विमानांच्या डिझायनरनं हे गृहीतकच काढून टाकलं. बुडाच्या कडेला खालपर्यंत लोंबणारा लवचीक पडदा लावायचा. बोटीचं कडक शरीर पाण्यापासून चांगलं उंच राहील, पण फट मोजायची ती पडद्याच्या खालच्या काठापासून, आणि ती बोटभर ठेवली तरी चालेल. लाट आली तर पडदा वाकेल आणि लाट आत शिरून निघून जाईल. म्हणजे टक्कर होऊ द्यायची, पण तिचं कोणालाच काही वाटणार नाही अशी. त्याची ही कल्पना पन्नासच्या दशकाच्या अखेरची. १९६१ मध्ये ती सॉन्डर्स-रोच्या मालक कंपनीनं, वेस्टलँडनं घेतली.

इंग्रजीत त्याला स्कर्ट म्हणतात. आपल्याकडे नौदलातली आणि तटरक्षक दलातली माणसंही स्कर्टच म्हणतात, पण मला परकर जास्त बरोबर वाटतो. स्कर्ट हा बघायचा कपडा. परकर आतला, कामाचा, आणि घेर चुकला की चालणं मुश्कील करणारा. त्याचा प्रत्यय पुढे येईल.

एसआर-एन१ला चार फुटी परकर लावल्यावर तेच होव्हरक्राफ्ट, तेवढ्याच ताकदीवर, आधीच्या जवळजवळ दुप्पट वजन घेऊन सहा-सात फूट लाटांमधून जाऊ लागलं, आणि साडेतीन फुटांचा अडथळा ओलांडू लागलं. उचलायची ताकद तीच, कंपनी तीच. फक्त खाली कापड लोंबतंय.

कापडाला झेपेल?

सगळ्या मुलांना पहिली शंका हीच येते. चार टनांचं धूड आणि खाली कापड?

इथे पातळ कापडाचं गणित माणसाच्या अंदाजाला फसवतं. धूड कापडावर उभं नाहीच, ते हवेवर उभं आहे. कापडाचं काम फक्त त्या हवेला वाट अडवून धरणं. आपल्या कल्पित होव्हरक्राफ्टमध्ये दाब किती, तर आठ सेंटीमीटर पाण्याच्या उंचीएवढा. ग्लासात स्ट्रॉ आठ सेंटीमीटर बुडवून बुडबुडे काढायला जेवढी फुंकर लागते, तेवढाच. मोटारीच्या टायरमध्ये याच्या पावणेतीनशे पट असतो.

आणि फुगलेल्या कापडातला ताण म्हणजे दाब गुणिले वळणाची त्रिज्या. परकराचा फुगवटा अर्ध्या मीटरच्या त्रिज्येचा धरला तर कापडाच्या एक सेंटीमीटर रुंद पट्टीवर साधारण चारशे ग्रॅमचा ताण येतो. चारशे ग्रॅम. घरातल्या जुन्या सुती पातळाची पट्टी फाडून तिला अर्धा किलो साखरेची पिशवी टांगून बघा. मी वर्गात हे करून दाखवतो आणि दरवर्षी कोणीतरी "एवढंच?" म्हणतंच.

शिवाय या कापडाला स्वतःचा आकार राखायची गरज नाही. कडक भिंतीला वाकू नये म्हणून जाडी लागते, मागून टेकू लागतात, म्हणजे वजन लागतं. कापड फक्त ताण घेतं, आणि आकार त्याला आतली हवा देते, फुकटात, कारण ती हवा तिथे नाहीतरी भरायचीच होती.

सोव्हिएत संघातल्या गेन्रिख आल्टशुलरनं हजारो पेटंटं चाळून नवनिर्मितीची चाळीस तत्त्वं काढली; 'ट्रिझ' या नावानं ती पद्धत शिकवली जाते. त्यातलं तिसावं तत्त्व म्हणजे कडक रचनेऐवजी लवचीक कवच आणि पातळ पापुद्रा वापरा. माझं त्याबद्दल एक गाऱ्हाणं आहे. हे तत्त्व बहुतेक जण 'हलकं करा, स्वस्त करा' असं शिकवतात. परकरात हलकेपणा होता, पण खेळ जिंकून दिला तो त्यानं नव्हे. एखाद्या होव्हरक्राफ्टला कडक भिंत शून्य वजनाची दिली असती तरी ती पहिल्या लाटेला मोडली असती. कापड जिंकलं कारण त्याला मार खाता येतो.

एक परकर की अनेक बोटं

पहिले परकर म्हणजे सलग पडदा किंवा सलग फुगा. सलग पडद्याची खोड अशी, की एका जागी दगड लागला की वळकटी दोन्ही बाजूंना पसरते आणि मोठी फट उघडते. एका जागी फाटलं की फाट पुढे धावत जाते. ज्यानं पावसाळ्यात गच्चीवर ताडपत्री बांधलीय त्याला हे वेगळं सांगायला नको.

कॉकरेलच्या भोवती जी होव्हरक्राफ्ट डेव्हलपमेंट कंपनी उभी राहिली होती, तिथे डेनिस ब्लिसनं परकराचे तुकडे केले. पुढे रूढ झालेल्या रचनेत वर एक सलग फुगलेला नळा आणि त्याच्या खालून शेजारी शेजारी लोंबणारे अरुंद तुकडे. त्यांना फिंगर म्हणतात. मराठीत लिहिताना इथे पंचाईत होते, कारण आपल्याकडे बोट पाण्यातही असते आणि हातालाही. तेव्हा बोटीची बोटं असं म्हणू आणि पुढे जाऊ.

प्रत्येक बोट म्हणजे खोबणीसारखा, आतल्या बाजूनं उघडा कापडाचा तुकडा. आतल्या दाबानं तो बाहेर फुगतो आणि त्याचे काठ शेजारच्या बोटांच्या काठांवर घट्ट दाबले जातात. मध्ये शिवण नाही, चिकटपट्टी नाही. हवाच त्यांना एकमेकांना टेकवून ठेवते. ओंडका आला की ज्या दोन-तीन बोटांना तो लागला तेवढीच मागे दुमडतात. बाकीची जागेवर उभी. ओंडका गेला की हवा त्यांना परत सरळ करते. एखादं बोट फाटलंच तर दोन्हीकडची शेजारीण बोटं फुगून ती जागा बऱ्यापैकी झाकतात, आणि मुक्कामाला पोचल्यावर बोल्ट काढून तेवढंच बोट बदलायचं.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. लवचीक पदार्थ आणला इथवर अर्धं काम झालं होतं. त्याचे तुकडे करून एकाचं दुखणं दुसऱ्याला लागणार नाही अशी सोय केली तेव्हा ते पुरं झालं.

फ्रान्समध्ये झाँ बर्तँनं वेगळी वाट धरली. एका मोठ्या परकराऐवजी बुडाखाली अनेक स्वतंत्र, गोल, खाली निमुळते परकर. प्रत्येकात आपली आपली हवा. होव्हरक्राफ्ट एका बाजूला कललं की त्या बाजूच्या परकरांतला दाब वाढतो आणि ते आपोआप सावरतं. तोल छान, पण प्रत्येक परकराला स्वतःचा घेर, त्यामुळे हवा निसटायला एकूण काठ जास्त. प्रवासी वाहतुकीत पुढे इंग्रजांची बोटंच टिकली.

१ ऑगस्ट १९६८ रोजी डोव्हर आणि फ्रान्समधलं बुलोन यांच्यामध्ये एसआर-एन४ हे मोठं होव्हरक्राफ्ट सुरू झालं. २५४ प्रवासी, ३० मोटारी, चार गॅस टर्बाइन. पुढे ते मधे कापून लांब केलं: छप्पन्न मीटर लांबी, तीनशे टनांच्या वर वजन, ४१८ प्रवासी, ६० मोटारी, खाली बारा फूट खोल परकर. साध्या फेरीबोटीला खाडी ओलांडायला तासाभराहून जास्त लागे. यानं १९९५ मध्ये ती एकदा २२ मिनिटांत ओलांडली. माझ्या ढोबळ हिशेबानं तिथेही आतला दाब दर चौरस मीटरला अडीचशे ते तीनशे किलोंच्या पुढे जात नाही. तीनशे टन, आणि दाब तीस सेंटीमीटर पाण्याएवढा.

बिल

आता खर्च. परकराची गोष्ट इथपर्यंत सांगून थांबणारे लेख मी बरेच वाचलेत आणि त्यांचा मला राग येतो, कारण वापरणाऱ्या माणसाचं काम इथून सुरू होतं.

कापडाला मार खाता येतो म्हणजे ते रोज मार खातं. एसआर-एन४चे सुरुवातीचे महिने परकराच्या दुखण्यांत गेले. वाळू आणि खारं पाणी घासतं हे तर उघडच होतं. न दिसणारी खोड वेगळी होती. वेगात जाताना परकराचा खालचा सुटा काठ फडफडतो, इतका झपाट्यानं की डोळ्याला तो नुसता धूसर दिसतो. या फडफडीत वरचं रबर आतल्या नायलॉनच्या विणीपासून सुटतं. मग पाणी आत शिरतं, वीण उघडी पडते आणि काठ झिजून झिजून झालर होतो. जाड कापड घेतलं तर ते जड, म्हणून फडफड आणखी जोरात झोडपते. पातळ घेतलं तर फाटतं. उत्तर कापडाच्या जाडीत मिळालं नाही. ते मिळालं रबर आणि विणीच्या चिकटण्यात, बोटांच्या कापात, आणि सगळ्यात जास्त कामाच्या वेळापत्रकात: परकर तपासायचा, झिजलेली बोटं उतरवायची, नवी चढवायची. बोटं ही कायमची खपणारी वस्तू ठरली, ब्रेकच्या लायनरसारखी.

दुसरी अडचण जिवावरची. पुढचा परकर वेगात पाण्याला घासला तर घर्षण त्याला मागे, बुडाखाली ओढतं. परकर आत दुमडला की पुढची हवेची उशी गेली, नाक खाली झुकलं, आणखी परकर पाण्याला लागला, आणखी ओढ. होव्हरक्राफ्ट नांगरासारखं नाक खुपसतं. १९६५ मध्ये एसआर-एन५ जातीची होव्हरक्राफ्टं उलटण्याचे प्रकार घडले आणि परकराच्या आकाराचा अभ्यास एकदम गंभीर झाला. पुढच्या परकराला आत ओढलं जाण्यापासून रोखणारे कापडी पडदे बसवले गेले, फुगवट्याचा आकार बदलला, चालकांच्या शिक्षणात हे घातलं गेलं. ४ मार्च १९७२ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या साउथसीजवळ वादळी हवेत एक एसआर-एन६ उलटून पाच जण दगावले.

तिसरी अडचण परकराची म्हणावी की त्याच्या यशाची, मला ठरवता येत नाही. पाण्याला काहीच टेकत नाही म्हणजे धरायलाही काही नाही. बाजूचा वारा आला की होव्हरक्राफ्ट बर्फावरच्या थाळीसारखं सरकतं. ३० मार्च १९८५ रोजी डोव्हर बंदरात शिरताना 'प्रिन्सेस मार्गारेट' हे एसआर-एन४ वाऱ्यानं बंदराच्या लाटा अडवणाऱ्या भिंतीवर आदळलं; चार जणांचा जीव गेला. कडेचं कापड भिंतीपुढे काय करणार.

मग या देवघेवीत फायदा झाला की तोटा? माझं मत असं: एका लाटेत होव्हरक्राफ्ट संपवणारी अडचण होती, तिच्या जागी दर आठवड्याला पाना घेऊन वाकायला लावणारी अडचण आली. हा सौदा चांगला आहे, पण फक्त त्याला, ज्याच्याकडे पाना घेऊन वाकणारी माणसं आहेत. खाडीवरची मोठी होव्हरक्राफ्टं १ ऑक्टोबर २००० रोजी थांबली, पण ती परकरामुळे नव्हे. इंधन, म्हातारं झालेलं यंत्र, बोटीवरच्या करमुक्त दुकानाचं गेलेलं उत्पन्न आणि समुद्राखालचा रेल्वेबोगदा अशी बरीच कारणं होती. साउथसी ते आइल ऑफ वाइटवरचं राइड ही दहा मिनिटांची फेरी १९६५ पासून अजून चालू आहे. ओहोटीला तिथे वाळूचा लांब पट्टा उघडा पडतो, साध्या बोटीला त्यासाठी लांब धक्का लागतो, आणि होव्हरक्राफ्ट सरळ वाळूवर येऊन परकर पसरून बसतं. आपल्या तटरक्षक दलाकडची होव्हरक्राफ्टंही याच कारणासाठी आहेत: कच्छच्या आखातासारखं उथळ, चिखलाचं पाणी, जिथे बोट रुतते आणि माणूसही.

पुन्हा वर्कशॉप

दुसऱ्या प्रयत्नात आम्ही ताडपत्री लावली. चकतीच्या खालून पसरली, काठावर वळवून वर स्टेपल केली, मधोमध एक झाकण ठोकून ती आत खेचली आणि हवेला बाहेर पडायला सहा भोकं पाडली. मुलांनी ती अगदी ताठ ओढली होती, ढोलाच्या कातड्यासारखी. नीटनेटकं काम म्हणून मीही पाठ थोपटली. ब्लोअर सुरू झाला, चकती एकदम उचलली गेली आणि मग बेडकासारख्या उड्या मारू लागली. ताठ ताडपत्रीला फुगायला जागाच नव्हती. हवा साठायची, चकती उठायची, सगळ्या बाजूंनी हवा सुटायची, चकती आदळायची. तिसऱ्या उडीला स्टेपल सुटले.

वर्कशॉपमधले आमचे मामा इतका वेळ लेथजवळ उभं राहून बघत होते. त्यांच्या घरी शिलाईचं काम चालतं. ते आले, चकतीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "अहो सर, याला घेरच नाही. एवढ्या तंग परकरात बाई पायरी तरी चढेल का?"

मी त्यांना बोटांची भानगड समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे चुण्या. खाली सुट्या, वर धरलेल्या. असंच ना?"

सोमवारी त्यांनी ताडपत्री कापून आणली. काठाला चकतीच्या परिघाच्या दीडपट घेर, वर चुण्या घालून पट्टीत धरलेला. मापं खडूनं प्लायवरच लिहिलेली होती. भोकं त्यांनी काठापासून आत सरकवली, कारण काठाजवळची भोकं फरशीला चिकटून बंद होतात हे त्यांनी शुक्रवारीच खाली वाकून पाहिलं होतं. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ब्लोअर सुरू झाला. ताडपत्री सगळीकडून फुगली, चकती तीन-चार इंच उठली आणि स्थिर राहिली. आमच्या चकतीचं क्षेत्रफळ एक चौरस मीटरच्या थोडं वर आणि मुलासकट वजन ऐंशी किलो. म्हणजे दर चौरस मीटरवरचा भार फळ्यावरच्या चार टनी होव्हरक्राफ्टच्या जवळपासच. मामांनी खुर्चीच्या पाठीला एक बोट लावलं. मुलगा सरकत सरकत गुळगुळीत फरशीवरून दारापर्यंत गेला, उंबऱ्याबाहेरच्या शहाबादी लाद्यांवर उतरला, तिथल्या सांध्यांतून हवा निसटू लागल्यानं जरा बसला, तरी पुढे गेला. मग सांडपाण्याची लोखंडी जाळी आली. ताडपत्रीखालची सगळी हवा गटारात गेली, परकर एका क्षणात पोटाला चिकटला आणि मुलगा जाळीवर थांबला.

मामा तिथे उकिडवे बसून ताडपत्रीचा काठ उलटा करून बघत होते. एका चुणीला जाळीनं दोन इंचांची फाट पाडली होती. "ही तेवढी बदलू," ते म्हणाले.